हॉर्न दाबला, पण भोंगा गप्प

एप्रिल उजाडला की मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी) बाळगणाऱ्या वाचकांची पत्रं वाढतात. हिवाळाभर झाकून ठेवलेल्या गाड्या बाहेर निघतात, पहिल्या फेरीआधी दिवे, वायपर, हॉर्न तपासले जातात, आणि बंपरमागचे किंवा छपरावरचे चकचकीत भोंगे हूं की चूं करत नाहीत. म्हणून या अंकात फक्त एअर हॉर्नचेच प्रश्न घेतले आहेत. अमेरिकेतल्या मोठ्या डिझेल गाड्यांत हा हॉर्न ब्रेकला लागणाऱ्या हवेवरच वाजतो. त्यामुळे हॉर्नची दुरुस्ती म्हणजे ब्रेकच्या शेजारघरात केलेलं काम आहे, हे धरूनच पाना हातात घ्यावा.

प्रश्न: आमची २००८ सालची ४० फुटी डिझेल पुशर (मागे डिझेल इंजिन असलेली मोटरहोम) आहे. डॅशवर ‘इलेक्ट्रिक’ आणि ‘एअर’ असा स्विच आहे. इलेक्ट्रिकवर हॉर्न छान वाजतो, एअरवर टाकला की काहीच होत नाही. हवेच्या मीटरचे दोन्ही काटे १२० वर असतात. गॅरेजवाल्यांनी भोंग्यांसकट सगळा संच बदलायला सांगितला आहे. खरंच बदलावा लागेल का?
(डॅलस, टेक्सस)

उत्तर: संच बदलण्याची घाई करू नका. या साखळीत भोंगा हाच सगळ्यात साधा आणि टिकाऊ भाग असतो. बिघाड बहुतेक वेळा त्याच्या अलीकडे, सोलेनॉइड व्हॉल्व्हपाशी (विजेने उघडणारी हवेची झडप) किंवा त्याच्या वायरीत सापडतो.

स्टीअरिंगवरचं बटण दाबलं की क्लॉक स्प्रिंगमधून (स्टीअरिंगसोबत फिरणारी गुंडाळलेली वायर) रिलेच्या (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) कॉइलला अर्थ मिळतो. रिले ओढला जातो आणि १२ व्होल्टचा पुरवठा डॅशवरच्या स्विचकडे जातो. तिथून तो एक तर इलेक्ट्रिक हॉर्नकडे वळतो, नाहीतर एअर हॉर्नच्या सोलेनॉइडकडे. सोलेनॉइड उघडला की टाकीतली हवा भोंग्यात शिरते आणि आतला पडदा थरथरू लागतो. तुमचा इलेक्ट्रिक हॉर्न वाजतो आहे, म्हणजे बटण, क्लॉक स्प्रिंग, फ्यूज आणि रिले ठीक आहेत. शोधाचं अर्धं काम इथेच संपलं. काही गाड्यांत एअर हॉर्नला वेगळा रिले असतो, तेव्हा तुमच्या चासीचा वायरिंगचा नकाशा एकदा पाहून घ्या.

पुढचं सगळं काम गाडीच्या पुढच्या तोंडाखाली आहे, म्हणून आधी हे वाचा. तुमची गाडी एअरबॅगवर, म्हणजे स्प्रिंगांच्या जागी लावलेल्या हवेच्या रबरी फुग्यांवर, उभी असते. एखादी नळी सुटली किंवा बॅगमधली हवा गेली, तर काही टनांची चासी क्षणात काही इंच खाली बसते. गाडीखालच्या माणसाला सरकायला तेवढा वेळ मिळत नाही, आणि अशा अपघातांत माणसं दगावलेली आहेत. गाडी समतल करणाऱ्या लेव्हलिंग जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नका. वजनाला पुरतील अशा लोखंडी घोड्या चासीच्या ठरलेल्या जागी लावा, चाकांना पुढून-मागून ठोकळे द्या, पार्किंग ब्रेक ओढा आणि मगच खाली शिरा. डोळ्यांना चष्मा हवा आणि कानांत बोळे हवेत. भोंग्याच्या तोंडासमोर डोकं नेऊ नका. बटण दाबणाऱ्या माणसाशी खुणा आधी ठरवून ठेवा.

आता पहिली चाचणी. तिला कोणतंही हत्यार लागत नाही. इंजिन चालवून दाब ११०-१२० पीएसआयपर्यंत (पौंड प्रति चौरस इंच; म्हणजे सुमारे ८ बार) चढू द्या, इंजिन बंद करा, किल्ली चालू ठेवा. एकाने स्विच एअरवर टाकून बटण दाबावं, दुसऱ्याने सोलेनॉइडजवळ कान द्यावा. सोलेनॉइड बहुधा पुढच्या जाळीमागे, जनरेटरच्या आसपास किंवा भोंग्यांच्या बुडाशी असतो: दोन वायरी आणि दोन नळ्या जोडलेला, लिंबाएवढा ठोकळा. बटण दाबताना ‘टिक’ असा आवाज येतो का? येत असेल तर वीज पोहोचते आहे आणि घोळ हवेत आहे. येत नसेल तर घोळ विजेत आहे. गोंगाटात ऐकू येत नसेल तर स्क्रूड्रायव्हरचं लोखंडी टोक कॉइलला लावून पाहा. वीज आली की ते ओढलं जातं.

*‘टिक’ आली नाही तर* आधी डॅशवरचा स्विच काढून त्याच्या मागच्या टोकांवर, दुसऱ्याला बटण दाबायला सांगून, व्होल्टेज मोजा. आत येणाऱ्या टोकावर १२ आणि एअरकडे जाणाऱ्या टोकावर शून्य असेल तर स्विचचे काँटॅक्ट काळवंडले आहेत. वर्षानुवर्षं इलेक्ट्रिकवरच ठेवलेल्या स्विचचं हे नेहमीचं दुखणं आहे. वीस-तीस वेळा इकडून तिकडे केल्याने तो तात्पुरता जिवंत होतो, पण नवा बसवणंच बरं.

स्विच चांगला निघाला तर सोलेनॉइडचा प्लग सोडा आणि तिथे बल्बचा टेस्ट लँप लावा. मल्टिमीटरपेक्षा इथे टेस्ट लँप जास्त खरं बोलतो. वायरीचा एकच तंतू शाबूत असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर प्रवाह जवळजवळ ओढतच नाही. बल्ब मात्र मंद जळतो किंवा जळतच नाही. बल्बचं एक टोक प्लगमधल्या पुरवठ्याच्या पिनला आणि दुसरं चासीच्या स्वच्छ लोखंडाला लावल्यावर तो लख्ख पेटला, पण प्लगच्या दोन पिनांमध्ये लावल्यावर पेटला नाही, तर पुरवठा ठीक आहे आणि अर्थ तुटला आहे. अर्थची वायर बहुधा चासीला एका बोल्टने जोडलेली असते आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजते. बोल्ट काढा, लोखंड चकाकेपर्यंत घासा, नवं रिंग टर्मिनल लावून घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. नंतर प्लग जोडून, बटण दाबलेलं असताना सोलेनॉइडच्या अर्थच्या पिनेपासून चासीपर्यंत व्होल्टेज मोजा. ते ०.२ व्होल्टच्या आत हवं.

पुरवठा आणि अर्थ दोन्ही चांगले, तरी ‘टिक’ नाही? मग कॉइल मोजा. प्लग सोडून तिच्या दोन टोकांमधला रोध पाहा. कॉइलवर वॅट छापलेले असतात. १४४ ला त्या आकड्याने भागलं की १२ व्होल्टच्या कॉइलचा रोध मिळतो: १२ वॅटला १२ ओहम, १८ वॅटला ८ ओहम. आकडा त्याच्या आसपास असेल तर कॉइल चांगली आहे आणि आतला दांडा अडकला आहे. अनंत आला तर कॉइल तुटली आहे. शून्याजवळ असेल तर आतून शॉर्ट आहे, आणि मग फ्यूजही उडत असेल.

*‘टिक’ आली, पण आवाज नाही,* तर हवेचा माग काढा. एअर हॉर्नची हवा बहुतेक गाड्यांत थेट ब्रेकच्या टाकीतून येत नाही. मध्ये प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असतो. टाकीतला दाब साधारण ६५ ते ७५ पीएसआयच्या वर गेला की तो उघडतो आणि खाली आला की मिटतो, म्हणजे हॉर्नची नळी फुटली तरी ब्रेकची हवा राखून राहते. हा व्हॉल्व्ह गंजून मिटलेलाच राहिला तर मीटर १२० दाखवत असूनही हॉर्नपर्यंत हवा पोहोचत नाही. त्याच्या आसपास हातानं बंद करायचा छोटा कॉकही असू शकतो. मागच्या दुरुस्तीत कुणी तो बंद करून उघडायचा विसरला असेल तर? ते आधी पाहा.

मग टाक्यांचे ड्रेन उघडून दाब शून्यावर आणा आणि सोलेनॉइडच्या आत येणारी नळी सोडा. दाबून बसणारं फिटिंग असेल तर त्याची कडी आत दाबून नळी ओढायची. दाब असताना हे करायचा प्रयत्नही नको. नळीचं तोंड जाड फडक्यात गुंडाळून चासीला बांधा, गाडीखालून बाहेर या, आणि दुसऱ्याला इंजिन चालू करायला सांगा. काटा पंचाहत्तरच्या पुढे गेला की नळीतून जोरात हवा यायला हवी. आली नाही तर दोष प्रोटेक्शन व्हॉल्व्हमध्ये, हवा गाळणाऱ्या जाळीत किंवा कुठेतरी मुडपलेल्या नळीत आहे. हवा आली तर पुन्हा दाब उतरवून ती नळी जोडा आणि याच रीतीने भोंग्याकडे जाणारी नळी तपासा. ‘टिक’ होते, पण पलीकडून हवा येत नाही, म्हणजे सोलेनॉइड चोंदला आहे.

बरेच सोलेनॉइड उघडता येतात. वरची नट काढून कॉइल उचला, आतला दांडा, स्प्रिंग आणि रबरी बैठक बाहेर काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर लावू नका, कारण बैठकीवर ओरखडा पडला की गळती सुरू होते. रबर फुगलं किंवा चिरलं असेल तर नवा व्हॉल्व्ह घ्या: १२ व्होल्ट, वीज नसताना बंद राहणारा, किमान १५० पीएसआयचा, आणि आतलं भोक जुन्याइतकंच मोठं असलेला. दोन मिलिमीटर भोकाचा स्वस्त व्हॉल्व्ह मोठ्या भोंग्याला पुरेशी हवा देऊ शकत नाही आणि हॉर्न केविलवाणा वाजतो. व्हॉल्व्हवरचा बाण भोंग्याकडे हवा. आट्यांना टेफ्लॉन टेप लावताना पहिले दोन आटे मोकळे सोडा. टेपचा एक तुकडा आत गेला तरी तीच रबरी बैठक पुन्हा उघडी राहते. नळी एअर ब्रेकसाठीची नायलॉनचीच घ्या. फ्रिजच्या बर्फयंत्राला लावतात ती पांढरी नळी सारखीच दिसते, पण या दाबाला आणि इंजिनच्या उष्णतेला टिकत नाही.

प्रश्न: जानेवारीत दक्षिणेकडे निघताना बाहेर उणे २० सेल्सिअस होतं. हॉर्न एकदा दाबला आणि तो थांबेचना. दाब उतरेपर्यंत वाजत राहिला. फ्लोरिडात पोहोचल्यावर नीट चालतो. दुर्लक्ष केलं तर चालेल का?
(मिनियापोलिस, मिनेसोटा)

उत्तर: चालणार नाही. थंडीत बिघडलं आणि उबेत सुधारलं, यावरून व्हॉल्व्हमध्ये पाणी आहे असंच दिसतं. बैठकीवर बर्फाचा कण अडकला, म्हणून व्हॉल्व्ह मिटला नाही. पण ते पाणी हॉर्नपुरतं राहत नाही. त्याच टाक्यांतून ते ब्रेकच्या व्हॉल्व्हकडेही जातं, आणि तिथे बर्फ झाला तर प्रश्न नुसत्या आवाजाचा उरत नाही.

कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा हवेतली वाफ पाणी होऊन बसते. ती अडवायला एअर ड्रायर असतो. त्याच्या डब्यात पाणी शोषणारे मणी असतात. दाब पूर्ण भरला की ड्रायर ‘फुस्स’ करून साठलेलं पाणी बाहेर टाकतो. तुमच्या गाडीत काटा वरच्या मर्यादेला थांबतो त्या क्षणी तो आवाज येतो का, ते ऐका. येत नसेल तर ड्रायरचा पाणी बाहेर टाकणारा पर्ज व्हॉल्व्ह अडकला आहे. येत असेल, पण डब्याला तीन वर्षं उलटून गेली असतील, तर डबा बदला. मग एकेक टाकीचा ड्रेन उघडा. कोरडी हवा आली तर उत्तम. थोडं स्वच्छ पाणी आलं तर ड्रायर थकला आहे. दुधासारखा चिकट गाळ आला तर कॉम्प्रेसर तेल फेकतो आहे, आणि ते तेल मण्यांवर बसून ड्रायरही निकामी करतं. अशा वेळी नवा डबा घालून पैसे वाया घालवू नका, आधी कॉम्प्रेसर तपासून घ्या.

हवेच्या नळ्यांत अल्कोहोल ओतायचा सल्ला तुम्हाला ट्रकवाल्यांकडून मिळेल. ड्रायर असलेल्या गाडीत तो मानू नका. अल्कोहोलने ड्रायरचे मणी आणि रबरी सील खराब होतात. गोठलेला व्हॉल्व्ह सोडवायला केस वाळवायचा ड्रायर मंद आचेवर पुरतो. ज्योत जवळ नेऊ नका, नायलॉनची नळी वितळते.

हॉर्न पुन्हा अडकला, तर दोष कुठे आहे हे जागच्या जागी कळतं. सोलेनॉइडचा प्लग उपटा. तरीही वाजतो आहे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्यावर हलकेच ठोका. प्लग काढताच थांबला, तर वीज अडकली आहे. मग प्लग परत लावून रिले काढा आणि त्याच्या जागी तसाच चांगला रिले घाला. गप्प राहिला, तर जुन्या रिलेचे काँटॅक्ट चिकटले होते. नव्या रिलेनेही वाजू लागला, तर स्टीअरिंगकडून येणारी वायर घासून चासीला टेकली आहे, कारण या वायरीला अर्थ मिळणं म्हणजेच बटण दाबणं. स्टीअरिंग वर-खाली करायच्या सांध्यापाशी तिचं आवरण बघा.

प्रश्न: दोन भोंग्यांपैकी लांब भोंगा घोगरा वाजतो, कधी नुसती हवा सोडतो. आखूड भोंग्याचा आवाज खणखणीत आहे.
(सव्हाना, जॉर्जिया)

उत्तर: दोघांची हवा एकाच व्हॉल्व्हमधून येते आणि एक चांगला वाजतो, म्हणजे वीज, टाकी, सोलेनॉइड या सगळ्यांना सोडा. दोष त्या एका भोंग्यात किंवा त्याच्या शेवटच्या हातभर नळीत आहे.

आधी बॅटरी मारून भोंग्याच्या तोंडात बघा. तुमच्या भागात कुंभारीण माशी चिखलाची घरं बांधते, आणि तिला असं अंधारं, कोरडं नळकांडं फार आवडतं. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत तिचं घरटं सापडणं अगदी नेहमीचं आहे. दाबाच्या हवेने ते उडवून लावायचा मोह टाळा. सुटलेला चिखल पडद्याच्या बाजूला सरकला तर काम वाढतं. भोंगा उतरवा, तोंड खाली धरा, कोमट पाण्यात भिजवून लवचीक ब्रशने काढा आणि पूर्ण वाळू द्या.

घरटं नसेल तर मागचा डबा उघडा. झाकणाला सहा-आठ स्क्रू असतात. उघडण्याआधी झाकणावर आणि अंगावर मार्करने एक आडवी रेघ मारा, म्हणजे ते त्याच कोनात परत बसेल. आत पातळ धातूचा गोल पडदा आणि रबरी रिंग असते. पडद्याची कोणती बाजू वर होती तेही लिहून ठेवा. घोगरेपणाची कारणं इथे तीन: पडदा आणि भोंग्याच्या कडेमध्ये अडकलेला गंजाचा किंवा टेपचा कण, पडद्याला पडलेली केसासारखी चीर, किंवा साठलेलं पाणी. चीर उजेडासमोर धरल्यावर दिसते. चिरलेला पडदा डाग देऊन जोडता येत नाही, नवाच लागतो. स्वच्छ करताना मऊ फडकं आणि अल्कोहोल पुरे. तेल, ग्रीस काही लावू नका. तेलावर धूळ बसते आणि पडदा जड होऊन सूर उतरतो. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. एका बाजूने आवळत गेलात तर पडदा तिरका बसेल आणि केलेली सगळी मेहनत त्याच घोगऱ्या आवाजावर येऊन थांबेल.

बसवताना तोंड किंचित खाली झुकलेलं ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत थांबत नाही. गाडी उभी ठेवायची असेल तेव्हा तोंडावर प्लास्टिकचं टोपण लावा आणि त्याची लाल फीत किल्लीशेजारी बांधा. टोपण काढायची आठवण ती फीतच देईल.

प्रश्न: आमची छोटी, पेट्रोलवर चालणारी मोटरहोम आहे, एअर ब्रेक नाहीत. बाजारातून छोट्या कॉम्प्रेसरसह दोन भोंग्यांचा संच आणून जुन्या हॉर्नच्या वायरीला जोडला. एकदा वाजतो, दुसऱ्यांदा फ्यूज उडतो. मोठा फ्यूज घालू का?
(सॅन होजे, कॅलिफोर्निया)

उत्तर: नका घालू. फ्यूज वायरीला वाचवतो, हॉर्नला नाही. जुन्या हॉर्नची वायर ५-१० अँपिअरच्या बेताने घातलेली असते, आणि हा कॉम्प्रेसर १५ ते २० अँपिअर ओढतो, सुरू होताना त्याहून जास्त. मोठ्या फ्यूजने हॉर्न वाजेल, पण वायर भिंतीच्या आत तापत राहील. अशा गाडीत तुमच्या डोक्याशीच फोम, लाकूड आणि गॅसची टाकी असते.

संचाबरोबर आलेला चार पिनांचा रिले वापरा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा फ्यूज, तिथून १२ गेजची वायर रिलेच्या ३० नंबरला. ८७ मधून कॉम्प्रेसरच्या धन टोकाला. कॉम्प्रेसरचं दुसरं टोक तितक्याच जाड वायरीने चासीच्या घासलेल्या लोखंडाला. जुन्या हॉर्नच्या दोन वायरी ८५ आणि ८६ ला. जुन्या हॉर्नला एकच वायर असेल तर ती ८६ ला आणि ८५ अर्थला. जुन्या वायरीवर आता फक्त रिलेच्या कॉइलचा भार येतो, तो अँपिअरच्या एखाद-दोन दशांशाएवढा.

हे करूनही फ्यूज उडाला तर कॉम्प्रेसर आतून जाम आहे. तो उभा, हवेचं तोंड वर करून, चाकाच्या पाण्यापासून लांब बसवायचा असतो. आडवा बसवलेला पाण्याने गंजतो. पत्रकात तेल सांगितलं असेल तर हवा आत जाते तिथे यंत्राच्या हलक्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. नळी एक मीटरच्या आत ठेवा. नळी लांबली की बटण दाबल्यावर आवाज उशिरा येतो, कारण इथे टाकी नाही आणि दर वेळी नळी पहिल्यापासून भरावी लागते. सलग दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मोटर तेवढ्याच कामाची असते.

आणखी एक. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यानुसार हॉर्न किमान २०० फुटांवर ऐकू यायला हवा, पण अवाजवी मोठा किंवा कर्कश चालत नाही. कारखान्याचा हॉर्न काढून टाकू नका. तो त्याच्या वायरींवर शाबूत ठेवून वेगळ्या बटणावर नवा लावा; मग रिलेच्या ८५ आणि ८६ ला जुन्या हॉर्नच्या वायरींऐवजी त्या बटणाच्या वायरी येतील.

प्रश्न: रात्रभरात हवेचा दाब १२० वरून ६५ वर येतो आणि तिथे थांबतो. हॉर्नमधून गळत असेल का?
(शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

उत्तर: असू शकतं, आणि ‘तिथे थांबतो’ हा तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द आहे. वर सांगितलेला प्रोटेक्शन व्हॉल्व्ह साधारण त्याच दाबाला मिटतो. म्हणजे गळती त्याच्या पलीकडे, हॉर्न, शिडी, सीट अशा जोडकामांच्या बाजूला आहे. काटा सरळ शून्याकडे गेला असता तर ब्रेकच्या बाजूला पाहायला सांगितलं असतं.

हॉर्नची खात्री करायला भोंग्याच्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधा. दाब भरून इंजिन बंद करा आणि अर्धा तास थांबा. पिशवी फुगली तर सोलेनॉइडची बैठक गळते आहे. फुगली नाही तर भांड्यांचा साबण एक भाग, पाणी दहा भाग असं मिश्रण करून फिटिंगवर ब्रशने लावत जा. बुडबुडे फुटतील तिथे गळती. तुलनेसाठी मोठ्या वाहनांच्या तपासणीतला निकष लक्षात ठेवा: इंजिन बंद, ब्रेक सुटलेले असताना एका मिनिटात २ पीएसआयपेक्षा जास्त उतार नको, आणि ब्रेक दाबलेला असताना ३ पेक्षा जास्त नको. तुमचा उतार याच्या जवळपासही नाही, तेव्हा प्रवास थांबवण्याचं कारण नाही. पण रबर एकदा गळायला लागलं की सुधारत नाही.

प्रश्न: भाऊ अमेरिकेतून येताना त्याच्या मोटरहोमचे जुने एअर हॉर्न आणणार आहे. माझ्या कॅराव्हॅनला बसवता येतील का?
(पुणे)

उत्तर: नका बसवू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११९ इलेक्ट्रिक हॉर्न किंवा ठरलेल्या मानकात बसणारं साधन सांगतो, आणि एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणाऱ्या किंवा कर्कश, घाबरवणारा आवाज करणाऱ्या हॉर्नना मनाई करतो. आपल्याकडे ज्याला प्रेशर हॉर्न म्हणतात तो हाच. उगाच हॉर्न वाजवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफ खाली पहिल्यांदा १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आहे.

शिवाय ते तुमच्या गाडीला जुळणारही नाहीत. छोट्या व्हॅनवर बांधलेल्या कॅराव्हॅनला हायड्रॉलिक ब्रेक असतात, म्हणजे हवेची टाकीच नाही. मोठ्या बसच्या चासीवर बांधलेली असेल तर तिथे बहुधा २४ व्होल्टची वीज असते. १२ व्होल्टची कॉइल तिच्यावर चौपट तापते आणि जळते. भावाला सांगा, भोंगे तिथेच राहू देत. आणायचंच असेल तर एक चांगला टेस्ट लँप आणि नळी सरळ कापायचा कटर आणा.